पाहण्याची शिस्त : एलिनॉर रूझवेल्ट यांच्याविषयी प्रस्तावना

एलिनॉर रूझवेल्ट हे नाव आपल्याकडे बहुतेकांना सुविचारांतून माहीत असते. शाळेच्या फळ्यावर किंवा सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशात त्यांच्या नावाने एखादे वाक्य येते. आपण होऊ दिल्याशिवाय कोणी आपल्याला कमी लेखू शकत नाही, अशा अर्थाचे वाक्य त्यांत सर्वांचे लाडके. ते वाक्य त्या शब्दांत त्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. आणि जे त्यांनी खरोखर लिहिले ते बहुतेक फळ्यावर लिहिण्याजोगे नाही. ३० डिसेंबर १९३५ पासून १९६२ च्या सप्टेंबरपर्यंत त्या ‘माय डे’ हा स्तंभ लिहीत होत्या, बराच काळ आठवड्याचे सहा दिवस. तो वाचायला घेणाऱ्याची सुरुवातीला निराशाच होते. आज कुठे गेले, कोण भेटले, जेवायला किती माणसे होती, गाडीतून काय दिसले, असा तो मजकूर. पण महिनाभराचे स्तंभ सलग वाचले की त्या साध्या नोंदींमागची एक रीत दिसू लागते. जिथे प्रश्न आहे तिथे स्वतः जायचे. कागदावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय आहे हे ताडून पाहायचे. जे दिसले ते, निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्यापर्यंत न्यायचे. आणि आपले मत चुकीचे ठरले तर ते बदलायचे. माझे म्हणणे असे की, एलिनॉर रूझवेल्ट यांचे शहाणपण म्हणतात ते या रीतीत आहे. ही रीत त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती आणि दुःखाने बहाल केलेलीही नव्हती. ती त्या शिकल्या, बऱ्याच उशिरा शिकल्या, आणि कोणाकोणाकडून शिकल्या हे नावानिशी सांगता येते. तसे सांगितले तरच त्यांच्या मोठेपणाचा आणि त्यांच्या चुकांचा नीट अर्थ लागतो.

दुःखाचा मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण चरित्रकारांना त्याचा मोह आवरत नाही. ११ ऑक्टोबर १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या एका धनाढ्य घराण्यात त्यांचा जन्म झाला. पुढे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट हे त्यांचे सख्खे काका. आई रूपवान होती आणि या गंभीर चेहऱ्याच्या मुलीला ‘आजीबाई’ म्हणून हाक मारायची. १८९२ मध्ये आई घटसर्पाने गेली, पुढच्या वर्षी एक भाऊ गेला आणि १८९४ मध्ये दारूपायी खंगलेले वडीलही गेले. वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधी मुलगी पोरकी झाली. १९०५ मध्ये दूरच्या नात्यातल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी लग्न झाले, दहा-अकरा वर्षांत सहा बाळंतपणे झाली, त्यांतले एक मूल तान्हेपणीच गेले, आणि घरातला शब्द सासूबाई सारा यांचाच चालला. १९१८ मध्ये नवऱ्याच्या सामानात त्याच्या प्रेमप्रकरणाची पत्रे हाती लागली, १९२१ मध्ये त्याला पोलिओने गाठले. एवढे सोसलेली बाई तावून-सुलाखून शहाणी झाली, असे म्हणणे सोपे जाते. पुरावा मात्र तसे म्हणू देत नाही. नवरा स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने उभा राहिला तेव्हा या बाईंना धक्का बसला होता, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिले आहे. १९१८ च्या जानेवारीत सासूबाईंना लिहिलेल्या पत्रांत बर्नार्ड बरूक या ज्यू भांडवलदाराच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीविषयी आणि एकूणच ज्यूंविषयी तुच्छतेचे शब्द आहेत. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या आणि आयुष्यातले बरेचसे दुःख भोगून झाले होते. दुःखाने माणूस मऊ होतो तसा कडवटही होतो, आणि पुष्कळदा जसा होता तसाच राहतो. एलिनॉर बदलल्या त्या पुढच्या दहा वर्षांत, आणि त्याला कारण झाली ती माणसे व कामे.

त्याची एक पूर्वपीठिका अर्थात होती. पंधराव्या वर्षी त्यांना इंग्लंडमधल्या ॲलनस्वूड या शाळेत पाठवले होते. तिथल्या मुख्याध्यापिका मारी सूव्हेस्त्र यांना वर्गात सांगितलेलेच परत लिहून आणलेले निबंध मुळीच चालत नसत. मुलीने स्वतःचे डोके वापरले पाहिजे हा त्यांचा हट्ट. परत आल्यावर एलिनॉर न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवरच्या गरीब वस्तीत मुलींना शिकवायला जात. लग्नानंतर हे सारे सुटले. १९२० नंतर ते नव्याने सुरू झाले तेव्हा त्यांच्याभोवती कर्तबगार बायकांचे एक वर्तुळ जमले होते. एस्थर लेप आणि एलिझाबेथ रीड या स्त्री-मतदार संघाच्या कार्यकर्त्यांबरोबर काम करताना त्या कायद्याचे मसुदे आणि काँग्रेसचे कामकाज वाचायला शिकल्या. कामगार स्त्रियांच्या संघटनेत रोझ श्नायडरमन भेटल्या. पोलंडमधून आलेली ही ज्यू बाई टोप्यांच्या कारखान्यात राबून पुढारी झाली होती, आणि कामाचे तास, किमान वेतन, संप यांचा अर्थ एलिनॉर तिच्याकडून शिकल्या. भाषण करणे शिकवले ते लुई हाउ या फ्रँकलिन यांच्या सल्लागाराने. ते सभागृहात मागे बसत आणि नंतर सांगत की तू उगाच हसतेस. जे सांगायचे ते सांग आणि खाली बस. तिशी उलटलेली, प्रतिष्ठित घरातली बाई हे सगळे मुकाट्याने ऐकून घेते आणि सुधारते, हे मला त्यांच्या स्वभावातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण वाटते. शिकवणाऱ्याची जात, वर्ग, वय त्यांनी पाहिले नाही. बरूक यांच्याविषयीचे ते जुने पत्र आठवले तर हे परिवर्तन किती खोल होते ते कळते. पुढे तेच बरूक त्यांचे जवळचे स्नेही झाले आणि एलिनॉर यांच्या शब्दाखातर त्यांनी खाणकामगारांच्या मुलांच्या शाळेला पैसा पुरवला.

पाहण्याची खरी शिस्त त्यांना लागली ती १९२९ नंतर, फ्रँकलिन न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर असताना. राज्याची मनोरुग्णालये, तुरुंग, अनाथ मुलांच्या व वृद्धांच्या संस्था यांची पाहणी करणे गव्हर्नरच्या कामात मोडे. पायांनी लाचार झालेला गव्हर्नर संस्थेच्या आवारात गाडीतून हिंडू शके, आत जाऊ शकत नसे. म्हणून आत बायको जाई. पहिल्या खेपांना त्या बाहेर येऊन सांगत की आज रुग्णांच्या जेवणात अमुक अमुक आहे. हे कशावरून, असे नवरा विचारी. भिंतीवरच्या यादीत वाचले, असे उत्तर येई. मग त्यांना सांगण्यात आले की यादी वाचून भागणार नाही, चुलीवरच्या भांड्यांची झाकणे काढून आत खरेच काय शिजते आहे ते पाहा. खाटा एकमेकींना फार खेटून आहेत का, दिवसा त्या घडी करून कपाटात कोंबल्या जातात का, म्हणजे जागेपेक्षा माणसे जास्त भरली आहेत हे कळेल. नोकर जवळून गेला की रुग्ण कसे बघतात, अंग चोरतात का, तेही पाहा. एलिनॉर यांनी हे सारे ‘धिस आय रिमेंबर’ या १९४९ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि पहिल्या अहवालांनी नवऱ्याचे समाधान झाले नव्हते हेही त्यांनी लपवलेले नाही. सरकारी पाहणी कशी चालते हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शिकवणीचे मोल सांगायला नको. साहेब येणार म्हणून रंगरंगोटी होते, रजिस्टरे भरली जातात, आणि साहेब रजिस्टर पाहून जातात. झाकण उचलणारा पाहुणा कोणालाच नको असतो. एलिनॉर यांनी तसा पाहुणा होणे पत्करले, आणि पुढची तीस वर्षे त्या तशाच राहिल्या.

१९३३ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि त्या व्हाइट हाउसमध्ये आल्या. अध्यक्षाच्या पत्नीला अमेरिकी राज्यघटनेत कोणतेही स्थान नाही. तिला पगार नाही, खाते नाही, कोणाला हुकूम देण्याचा अधिकार नाही. घर शोभिवंत ठेवावे आणि पाहुण्यांशी हस्तांदोलन करावे एवढीच तिच्याकडून अपेक्षा. नवऱ्याने सूत्रे हाती घेऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, ६ मार्चला, एलिनॉर यांनी पत्रकार परिषद घेतली आणि ती फक्त स्त्री-पत्रकारांसाठी ठेवली. मंदीत सर्वत्र नोकरकपात चालू होती आणि वर्तमानपत्रांत पहिली कुऱ्हाड बायकांवर पडत होती. आता व्हाइट हाउसची बातमी हवी असेल तर कार्यालयात एक तरी स्त्री-बातमीदार ठेवणे संपादकांना भाग पडले. युनायटेड प्रेसने त्यासाठीच रूबी ब्लॅक यांना घेतले. एक खोली, काही खुर्च्या आणि एक नियम, एवढ्या भांडवलावर अनेकींच्या नोकऱ्या वाचल्या. त्या वर्षी एलिनॉर यांना सुमारे तीन लाख पत्रे आली. कोणाचे कर्ज थकलेले, कोणाचा मुलगा बेकार, कोणाला हिवाळ्यासाठी कोट हवा. यांतली पुष्कळ पत्रे संबंधित खात्यांकडे रवाना होत आणि काही अध्यक्षांच्या पलंगाजवळच्या टोपलीत जात. रात्री त्या टोपलीत पडणाऱ्या चिठ्ठ्यांचा नवऱ्याला कंटाळा येई हेही खरे. पण मदतकार्य, तरुणांचा रोजगार, स्त्रियांसाठीच्या छावण्या यांत मंदीवर उपाय म्हणून आखलेली ‘न्यू डील’ ही सरकारी योजना जिथे जिथे उणी पडत होती ती जागा अध्यक्षांना पुष्कळदा पहिल्यांदा त्या टोपलीतून दिसली.

या रीतीची कसोटी पाहायची तर आर्थरडेलकडे पाहावे, कारण ते अपयश आहे. १९३३ च्या उन्हाळ्यात त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या स्कॉट्स रन या कोळसा खाणींच्या खोऱ्यात गेल्या. खाणी बंद पडलेल्या, कुटुंबे कंपनीच्या मोडक्या खोपटांत राहणारी, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकाच ओढ्याचे. त्यांच्या आग्रहाने जवळच आर्थरडेल ही नवी वसाहत उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाला घर, थोडी जमीन, शाळा, जवळपास छोटा उद्योग अशी कल्पना. पहिली पन्नास तयार घरे लुई हाउ यांनी घाईघाईने मागवली. ती त्या डोंगरातल्या थंडीला पुरी पडणारी नव्हती आणि आधीच बांधलेल्या जोत्यांवर बसेनात. खर्च वाढत गेला. टपाल खात्याचे लाकडी सामान बनवण्याचा कारखाना काँग्रेसने होऊ दिला नाही, मग लोकांना काम कुठून मिळणार? आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, वसाहतीत फक्त गोऱ्यांनाच घ्यायचे असे तिथल्या रहिवाशांनी मतदान करून ठरवले. त्याच खोऱ्यातली काळी कुटुंबे बाहेर राहिली. टीकाकार म्हणतात की ही एका श्रीमंत बाईची हौस होती आणि सरकारी पैसा तीत बुडाला. पैशाचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. तरी दोन गोष्टी ते सोडून देतात. घरात नळ, न्हाणीघर आणि फ्रिज असावा यावर बाई अडून बसल्या तेव्हा गरिबांना एवढे कशाला, असे खुद्द सरकारातले लोकही म्हणत होते. आज तो प्रश्न विचारायला कोणी धजणार नाही. आणि दुसरे असे की, कोनशिला बसवून त्या तिकडे फिरकल्याच नाहीत असे झाले नाही. वर्षानुवर्षे त्या तिथे जात राहिल्या, शाळेच्या पदवीदानाला उभ्या राहिल्या, लोकांबरोबर नाचल्या. फसलेल्या कामाकडे पाठ न फिरवणे हा त्यांच्या रीतीचाच भाग होता.

आर्थरडेलमधल्या त्या मतदानाने त्यांना वर्णभेदाच्या प्रश्नाकडे ढकलले, असे म्हणायला जागा आहे. १९३४ पासून कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वॉल्टर व्हाइट आणि शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथ्यून हे त्यांचे नवे शिक्षक झाले. झुंडीने काळ्या माणसांना ठार मारण्याविरुद्धच्या विधेयकासाठी त्यांनी व्हाइट यांची अध्यक्षांशी भेट घडवून आणली. दक्षिणेचे सिनेटर बिथरतील या भीतीने अध्यक्षांनी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला नाही आणि ते बारगळले. त्यानंतर १९३८ च्या नोव्हेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या एका परिषदेत पोलिसांनी काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळ्या बाजूंना बसायला लावले, तेव्हा एलिनॉर यांनी आपली खुर्ची दोन्ही बाजूंच्या मध्ये ठेवली. पुढच्या वर्षी ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या प्रतिष्ठित संस्थेने मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनमधले आपले सभागृह नाकारले. एलिनॉर यांनी संस्थेचा राजीनामा दिला आणि २७ फेब्रुवारी १९३९ च्या स्तंभात, संस्थेचे नावही न घेता, त्यामागचा विचार मांडला: सभासद राहून आतून बदल घडवता येत असेल तर राहावे, नाही तर राहणे म्हणजे मूक संमती. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन गायल्या आणि समोर सुमारे ७५ हजार श्रोते होते. कार्यक्रम सरकारने होऊ दिला, पण एलिनॉर स्वतः तिथे गेल्या नाहीत. प्रकाश गायिकेवर राहावा एवढे तारतम्य त्यांना होते असे मी मानते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. या बाईंना कोणी निवडून दिले होते? लोकशाहीत नवऱ्याच्या मतांवर बायकोने राज्यकारभारात हात घालावा का? आक्षेप घेणारे सगळेच द्वेष्टे नव्हते आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्याला कोणी पदावरून काढू शकत नाही त्याला जाबही विचारता येत नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये त्या नागरी संरक्षण कार्यालयाच्या सहायक संचालक झाल्या, व्हाइट हाउसच्या काळातले त्यांचे एकमेव सरकारी पद ते. ओळखीच्या एका नर्तकीला तिथे नेमल्यावरून काँग्रेसमध्ये गदारोळ झाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी पद सोडले. अध्यक्षाच्या पत्नीने सरकारी नोकरी धरणे शहाणपणाचे नव्हते, हे त्यांनी नंतर स्वतः लिहिले. तेव्हा आक्षेप पदाच्या बाबतीत खरा ठरला. प्रभावाच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा आहे. अध्यक्षांच्या कानाशी लागणारी माणसे नेहमीच असतात, बँकवाले, उद्योगपती, पक्षाचे सुभेदार, आणि ती बंद दाराआड बोलतात. एलिनॉर यांचा प्रभाव असा होता की, आज त्या कुठे गेल्या आणि त्यांना काय वाटले हे उद्याच्या वर्तमानपत्रात सगळ्या देशाला वाचायला मिळे. विरोधकांना त्यावर तुटून पडता येई, आणि ते तुटून पडतही. एफबीआयने त्यांच्यावर तीन हजारांहून अधिक पानांची फाइल जमवली. अनिर्वाचित प्रभाव टाळता येत नसेल, तर तो उघड्यावर आणणे हे त्याचे लोकशाहीतले सर्वांत चांगले रूप होय.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो त्यांच्या चाहत्यांनी घ्यायला हवा. ज्या ठिकाणी बोलणे सर्वांत गरजेचे होते त्या ठिकाणी त्या गप्प राहिल्या. १९३९ मध्ये जर्मनीतल्या वीस हजार निर्वासित मुलांना आश्रय देण्याच्या विधेयकाला त्यांचा पाठिंबा होता. अध्यक्षांनी तोंड उघडले नाही, आणि एलिनॉर यांनी त्या मौनाविरुद्ध जाहीर आघाडी उघडली नाही. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांशी सहिष्णुतेने वागा असे लिहिले. पण फेब्रुवारी १९४२ मध्ये नवऱ्याच्याच सहीने एक लाखाहून अधिक माणसांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले, तेव्हा खासगीत विरोध करणाऱ्या या बाईंनी जाहीरपणे विरोध केला नाही. एप्रिल १९४३ मध्ये ॲरिझोनातली गीला रिव्हर छावणी पाहून आल्यावर त्यांनी या लोकांविषयीच्या अफवा खोडणारा लेख लिहिला खरा, तरी मूळ हुकूम अन्यायाचा होता असे त्यात म्हटले नाही. युद्धकाळ होता, त्या अध्यक्षाच्या पत्नी होत्या, उघड बंड केले असते तर रात्रीच्या टोपलीचा उपयोगच संपला असता, असे समर्थन करता येते. ते मला अर्धेच पटते. टोपली वाचवण्यासाठी बोलायचे नाही आणि बोलायचे नाही म्हणून टोपली वाचते, या फेऱ्यात सत्तेजवळचे प्रत्येक सज्जन माणूस सापडते. झाकण उचलून पाहण्याची शिस्त त्यांच्याकडे होती. पण पाहिलेले कोणाला सांगायचे याला लग्नाने आणि राजकारणाने एक कुंपण घातले होते, आणि ते त्यांनी ओलांडले नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन गेले आणि ते कुंपणही गेले. या बाई म्हणजे नवऱ्याचे पाय आणि डोळे, त्यापलीकडे काही नाही, असे ज्यांचे मत होते त्यांना पुढच्या सतरा वर्षांनी उत्तर दिले आहे. डिसेंबर १९४५ मध्ये नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळात घेतले. शिष्टमंडळातल्या पुरुषांनी त्यांना सामाजिक व मानवतावादी प्रश्नांच्या तिसऱ्या समितीवर बसवले, कारण तिथे बाई फारसे काही बिघडवू शकणार नाही असा त्यांचा कयास होता. लंडनमधल्या त्या पहिल्याच अधिवेशनात युद्धनिर्वासितांचा प्रश्न त्याच समितीत पेटला. ज्यांना मायदेशी परतायचे नाही त्यांना सक्तीने पाठवावे, अशी सोव्हिएत भूमिका. एलिनॉर यांची भूमिका उलट. आमसभेत सोव्हिएत संघाच्या बाजूने आंद्रेई विशिन्स्की उभे राहिले, स्टालिनच्या कुप्रसिद्ध खटल्यांतले सरकारी वकील. रात्र झाली होती, मतदान जवळ होते आणि लॅटिन अमेरिकेचे प्रतिनिधी कंटाळून उठून जातील अशी धास्ती होती. एलिनॉर यांनी कागद न घेता बोलताना मुद्दाम बोलिव्हारचा आणि दक्षिण अमेरिकेच्या मुक्तिलढ्याचा विषय काढला. प्रतिनिधी बसून राहिले आणि ठराव जिंकला. कोण ऐकते आहे आणि त्याच्या मनात काय आहे हे पाहून बोलणे, हीही त्याच पाहण्याची एक शाखा.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदाचे काम आले. या आयोगाने तयार केलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा एकट्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी लिहिला अशी समजूत आहे. ती त्यांच्यावरही अन्याय करणारी आहे. पहिला मसुदा कॅनडाच्या जॉन हंफ्री यांचा, फ्रान्सच्या रने कासँ यांनी त्याची पुनर्रचना केली, चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांचे तात्त्विक वाद त्यात मुरलेले आहेत. आणि पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द नको, ‘सर्व मानव’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता या मुंबई कायदेमंडळात काम केलेल्या, आपल्या घटना समितीतल्या सदस्य. अमेरिकेत त्या जुन्या शब्दात बायका धरल्याच जातात, त्यामुळे तो खुपत नाही, असे एलिनॉर यांना वाटत होते. हंसाबाईंना तसे वाटत नव्हते, कारण कायद्यात जे स्पष्ट लिहिलेले नाही ते बायकांना मिळत नाही हा त्यांचा अनुभव होता. अखेर हंसाबाईंचे म्हणणे टिकले. आयोगाच्या अध्यक्ष असूनही आपला आग्रह पुढे रेटला नाही, याचे श्रेय एलिनॉर यांना द्यायला हवे. त्यांचे खरे काम होते ते असे: अठरा देशांच्या माणसांना बोलते ठेवणे, सोव्हिएत प्रतिनिधींची लांबलचक भाषणे ऐकून घेऊन वेळेवर थांबवणे, आणि आपल्याच परराष्ट्र खात्याला काम, शिक्षण, आरोग्य हेही हक्कच आहेत हे पचवायला लावणे. १० डिसेंबर १९४८ च्या रात्री पॅरिसच्या पॅले द शायो येथे जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आठ देश तटस्थ राहिले. त्यांत सोव्हिएत गटातले सहा, सौदी अरेबिया आणि वर्णभेदाच्या वाटेवर निघालेला दक्षिण आफ्रिका. भारताने बाजूने मत दिले.

पण याच काळात त्यांच्या रीतीतली मोठी उणीव पुन्हा उघडी पडली. १९४७ मध्ये विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या पुढाकाराने ‘एनएएसीपी’ने अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे सविस्तर निवेदन दिले. एलिनॉर त्या संघटनेच्या संचालक मंडळावर होत्या. त्यांनी निवेदन पुढे नेण्यास साथ दिली नाही. सोव्हिएत संघ याचा हत्यारासारखा वापर करील, हे त्यांचे कारण. ते कारण खोटे नव्हते, सोव्हिएत प्रतिनिधींना हे निवेदन हवेच होते. तरी जगाच्या हक्कांचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरची तक्रार दाखल होऊ नये असे पाहावे, याला समर्थन नाही. आता नवरा नव्हता, त्याच्या जागी देश आला होता. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी या प्रवासावर ‘इंडिया अँड द अवेकनिंग ईस्ट’ हे पुस्तक लिहिले. अमेरिका काळ्या माणसाला कसे वागवते, हा प्रश्न आशियात त्यांना पुन्हा पुन्हा विचारला गेला. जो प्रश्न दप्तरात दाबून ठेवला होता तो इथे विद्यार्थी आणि पत्रकार तोंडावर विचारत होते. त्या प्रश्नांना त्यांनी बगल दिली नाही. पुढे दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीसाठी त्यांनी साठी-सत्तरीत जी धावपळ केली आणि ज्या धमक्या झेलल्या, त्यांना हीही पार्श्वभूमी आहे.

म्हणून पुढची पाने वाचताना तारखांकडे लक्ष द्यावे. १९१८ ची एलिनॉर आणि १९३९ ची एलिनॉर यांना एकाच मापाने मोजले तर दोघींवरही अन्याय होईल, आणि १९४२ ची पाने चाळून पुढे गेलो तर वाचकच स्वतःला फसवील. त्यांची काही मते शेवटपर्यंत वादग्रस्त राहिली. अमेरिकी राज्यघटनेत स्त्रियांच्या समान हक्कांची दुरुस्ती करण्याला त्यांचा १९२० च्या दशकापासून विरोध होता, कारण कामगार बायकांना संरक्षण देणारे कायदे तिच्यामुळे कोसळतील अशी कारखान्यांत राबणाऱ्या मैत्रिणींची भीती त्यांनी आपली मानली होती. सुशिक्षित, नोकरदार स्त्रियांच्या संघटनांना तो विरोध मागासलेला वाटे. उतारवयात त्यांचा विरोध मवाळ झाला. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणारा आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद सत्याहत्तरीला आलेल्या एलिनॉर यांना दिले. ७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या वारल्या तेव्हा आयोगाचे काम चालूच होते. अहवाल ११ ऑक्टोबर १९६३ रोजी सादर झाला. नोकरी, वेतन, पाळणाघरे, बाळंतपणाची रजा यांत बायकांची कशी कुचंबणा होते हे त्यात तपशिलाने मांडले होते, आणि घटनादुरुस्तीची तूर्त गरज नाही असेही म्हटले होते. त्या वाक्यावर अमेरिकेतल्या स्त्रिया त्यानंतर कितीतरी वर्षे आपसात भांडत राहिल्या.